चापाची नथ

मी घडवलेल्या तांब्याच्या एका नथीचे छायाचित्र बर्मिंगहॅमहून नाशिकला पोचले आणि मामांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले, की परदेशी राहून आपल्या संस्कृतीची थट्टा करणे सोपे असते. ती नथ वीतभर रुंद आहे. घातली की ओठ झाकले जातात आणि बोलता येत नाही. मुद्दामच तशी घडवली आहे. त्यावर दोन मावश्यांनी हात जोडल्याची चिन्हे टाकली. कोणाला जोडले, ते कळले नाही.

संस्कृतीच काढायची तर नीट काढावी. भांडारकर संस्थेतल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीचे मूळ शोधले, तेव्हा प्राचीन संस्कृत वाङ्मयात त्यांना तिचा मागमूस लागला नाही. हा दागिना हजारेक वर्षांमागे बाहेरून आला असावा, असे त्यांचे मत होते. अजिंठ्याच्या चित्रांतल्या स्त्रियांचे कान, गळा, दंड दागिन्यांनी भरलेले आहेत, नाके मात्र मोकळी आहेत. बाहेरून आलेली नथ मामांना चालते, बाहेर गेलेली भाची चालत नाही.

इथे ज्वेलरी क्वार्टरमध्ये, म्हणजे बर्मिंगहॅमच्या सराफी वस्तीत, माझ्या शेजारी डाख देत बसणारा मुलगा भुवईत कडी घालून येतो आणि त्याचे संस्कार कोणी काढत नाही. (प्रदर्शनाला येणारे लोक मला मात्र आधी ‘हे तुमच्या धर्मात असते का’ असे विचारतात, हे मी मामांना कळवलेले नाही.) ७.७८ ग्रॅमहून जड चांदी विकायची तर तिच्यावर ॲसे ऑफिसचा, म्हणजे धातूचा कस तपासणाऱ्या इथल्या कचेरीचा, जहाजाच्या नांगराचा छाप उमटवावा लागतो. तांब्याला असला दाखला लागत नाही, म्हणून मी तांबे निवडले, असे मी प्रदर्शनाच्या पुस्तिकेत छापले. खरे म्हणजे ठोकून ताठरलेला पत्रा पुन्हा तापवून मऊ करताना मला नाशिकची तांबट लेन आठवते, आणि ते इंग्रजीत लिहायला मला संकोच वाटला.

गेल्या दिवाळीत नाशिकला आईची मोत्यांची नथ घालायला घेतली, तर तार आत जाईना. सातवीत टोचलेले नाक केव्हाच बुजले होते. आईला न सांगता सराफ बाजारात जाऊन मी चापाची नथ आणली आणि सगळ्यांबरोबर फोटो काढला. ‘आपली परंपरा’ असे मामांनी त्याखाली लिहिले, आणि मी त्यांना काही सांगितले नाही. चापाचा वळ रात्रीपर्यंत नाकावर होता.