मुद्द्याचं बोला, तेही एकाच वाक्यात

इंग्रजीच्या वाचन परीक्षेत ‘सारांश लिहा’ असं दिसलं की पहिलं काम ठरलेलं: पेन्सिल उचलायची आणि रेघा मारत सुटायचं. पहिलं वाक्य पहिलंच आहे, म्हणून त्याखाली रेघ. दुसऱ्यात सनावळी आहे, रेघ. तिसऱ्यात कुणा प्राध्यापकाचं नाव आलंय, आणि प्राध्यापक उगाच कशाला येईल, रेघ. मग चौथ्या वाक्याने तरी काय पाप केलंय? पाच मिनिटांत अख्खा उतारा रेघांवर उभा राहतो. याला मी निवड म्हणत नाही, सरसकट पास म्हणतो.

माणसाचाही फारसा दोष नाही. उताऱ्यात जे लक्षात राहतं आणि जे महत्त्वाचं असतं, त्यांचं आपसात मुळीच पटत नाही. ज्वालामुखी लक्षात राहतो, टक्केवारी लक्षात राहते, रात्रभर जागून बेडूक मोजणारा शास्त्रज्ञ तर जन्मभर लक्षात राहतो. मुद्द्याचं वाक्य मात्र इतकं निरस असतं की त्याच्यावरून नजर घसरते: ‘असे बदल बहुधा हळूहळू होतात आणि त्यामागे एकाहून अधिक कारणं असतात.’ परीक्षा काढणारे हे पुरतं जाणून असतात. बेडूक ते मुद्दाम पुढे सोडतात.

सगळ्यात आधी एक भानगड मिटवू. ‘उतारा कशाबद्दल आहे?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘मधमाश्यांबद्दल.’ ठीक, हा झाला विषय. मधमाश्यांचं काय? इथे बहुतेकांची दातखीळ बसते. विषय एका नामात आटोपतो, मुद्द्याला क्रियापद लागतं. ‘मधमाश्यांची घटती संख्या’ हाही विषयच, जरा कपडे घालून आलेला. ‘मधमाश्या एका कारणाने नव्हे, तर अनेक कारणं एकत्र आल्यामुळे कमी होताहेत’ हा मुद्दा. आपल्या वाक्यात क्रियापद नसेल, तर आपण अजून उंबरठ्यावरच आहोत असं समजावं.

पहिल्याच वाक्यात मुद्दा असतो ही समजूत कुणी पसरवली ते ठाऊक नाही, पण तिने पुष्कळांचे गुण खाल्लेत. असतो कधीकधी. पण ‘अनेकांना असं वाटतं की’ अशी सुरुवात झाली, की पुढे त्या अनेकांची खरडपट्टी निघणार हे नक्की. ते नमनाचं घडाभर तेल. खरी गोष्ट ‘हाउएव्हर’, ‘बट’, ‘येट’ किंवा ‘इन फॅक्ट’ यांच्या पलीकडे सुरू होते. ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या वाक्यात लेखक एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो, जे काढून घेतो तिकडे लक्ष ठेवायचं. उताऱ्याच्या तोंडालाच प्रश्न असेल, तर त्याचं उत्तर हाच बहुधा मुद्दा. याउलट ‘फॉर एक्झाम्पल’, ‘फॉर इन्स्टन्स’, ‘सच ॲज’, कंसातला मजकूर, अवतरणचिन्हांतलं कुणाचं बोलणं, हे सगळे हमाल. ओझं कुणाचं वाहताहेत ते बघायला मागच्या वाक्याकडे जायचं.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून पाच वाक्यांचा एक छोटा उतारा घेऊ. एक: अन्न टिकवण्यासाठी फ्रान्समध्ये निकोला आपेर याने ते काचेच्या बरण्यांत बंद करून उकळण्याची रीत शोधली आणि तिथल्या सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. दोन: १८१० मध्ये ब्रिटनमध्ये पीटर ड्युरँड याने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. तीन: मात्र सुरुवातीचे डबे इतके जाड असत की ते छिन्नी-हातोड्याने फोडावे लागत. चार: पुढे पत्रा पातळ झाला आणि १८५८ मध्ये अमेरिकेत एझ्रा वॉर्नर याने डबा उघडायच्या हत्याराचं पेटंट घेतलं. पाच: असा विलंब काही जगावेगळा नाही, भोवतालच्या इतर गोष्टी बदलल्यावरच एखादा शोध बहुधा सोयीचा होतो.

आता सारांश मागा. दहातले नऊ जण छिन्नी-हातोडा घेऊन येतील. उरलेला एक १२,००० फ्रँक घेऊन येईल. पाचवं वाक्य कोपऱ्यात उभं राहील, कारण त्यात ना पैसा, ना हत्यार, ना कुणाचं नाव. पण त्याचं तोंड बघा: ‘असा विलंब’. इंग्रजीत ‘धिस’ किंवा ‘सच’ आणि त्याला चिकटून एखादं नाम आलं की समजावं, लेखकाने मागच्या सगळ्या पसाऱ्याची मोट स्वतःच बांधून दिली आहे. ‘धिस शिफ्ट’, ‘धिस प्रॉब्लेम’, ‘सच डिलेज’. सारांशासाठी लागणारं नाम असं आयतं मिळत असताना लोक ते सोडून पुन्हा पहिल्या ओळीपासून शोधायला लागतात. काखेत कळसा, दुसरं काय.

शंका उरली तर वाक्य झाकून बघावं. पहिल्या वाक्यावर बोट ठेवा, उरलेला उतारा खुशाल उभा राहतो. आपेरसाहेब गेले, बरण्याही गेल्या, कुणाचं काही अडलं नाही. पाचवं झाका, आणि बाकीची चार वाक्यं एकमेकांकडे बघत बसतात, आपण इथे कशाला जमलो होतो म्हणून. जे झाकल्यावर इतर निराधार होतात ते मुख्य. दुसरं, तिसरं आणि चौथं ही मधली मंडळी: एकेकटी मुख्य नाहीत, पण १८१० आणि १८५८ मधलं अंतर त्यांच्यामुळेच कळतं, तेव्हा ती चिमूटभर लागतात. मग सारांश असा होतो: ‘डबाबंद अन्नाचं पेटंट १८१० मध्ये घेतलं गेलं, तरी डबे पातळ झाल्यावर १८५८ मध्येच ते उघडायचं सोयीचं हत्यार आलं, यावरून दिसतं की भोवतालच्या गोष्टी बदलल्यावरच एखादा शोध बहुधा सोयीचा होतो.’ इंग्रजीत हे पस्तीस शब्दांच्या आत बसतं.

त्यातला ‘बहुधा’ मात्र गाळायचा नाही. ‘ऑफन’, ‘मे’, ‘सम’ हे शब्द दिसायला किरकोळ, पण ते गाळले की लेखक जे चाचरत म्हणाला ते आपण छातीठोकपणे म्हणून मोकळे होतो. लेखकाने ‘काही’ म्हटलं आणि आपण ‘सर्व’ केलं, की ‘ध’चा ‘मा’ झालाच.

मुद्दे सापडले तरी ते जोडायचे कशाने, इथे दुसरी गंमत. उताऱ्याची ठेवण जशी, तसा सांधा लागतो. अडचण आणि उपाय असा उतारा असेल तर दोन्ही अर्धी हवीत. नुसती अडचण लिहिली तर ती तक्रार होते, नुसता उपाय लिहिला तर जाहिरात. जुनं मत आणि नवं मत असेल तर ‘ऑल्दो’, दोन गोष्टींची तुलना असेल तर ‘व्हेअरॲज’, कारण आणि परिणाम असतील तर ‘बिकॉज’. लोक काय करतात? सगळीकडे ‘अँड’. अडचण अँड उपाय अँड बेडूक अँड सरकार. ‘अँड’ने दोन गोष्टी शेजारी उभ्या राहतात, त्यांचं नातं कळत नाही, आणि सारांशात नात्यालाच भाव असतो.

आता परदेशी शिकायला जाताना द्याव्या लागणाऱ्या इंग्रजी परीक्षांचे एकेकीचे लहरी स्वभाव. पीटीई अकॅडेमिकमध्ये साधारण ३०० शब्दांपर्यंतचा उतारा वाचून १० मिनिटांत एकाच वाक्यात सारांश लिहायचा. कमीत कमी ५ शब्द, जास्तीत जास्त ७५. शहात्तरावा शब्द लिहिला किंवा एकाची दोन वाक्यं झाली, तर आतला मजकूर सोन्याचा असला तरी त्या प्रश्नाला शून्य. मग काही जण अति हुशारी करून पाच वाक्यं स्वल्पविरामांनी शिवतात आणि शेवटी एक पूर्णविराम ठोकतात. पूर्णविराम एकच असला म्हणून ते इंग्रजी व्याकरणात एक वाक्य ठरत नाही. माझा हिशेब साधा आहे: तीन मिनिटं वाचन आणि खुणा, पाच मिनिटं लेखन, दोन मिनिटं तपासणी, आणि शब्द पस्तीस ते पंचावन्नच्या दरम्यान. ७५ ही वरची मर्यादा आहे, तिथपर्यंत पोचलंच पाहिजे असा नवस कुणी बोललेला नाही.

टोफेलच्या बरीच वर्षं चाललेल्या रूपात सारांश लिहायचा नसे, निवडायचा असे: सहा पर्याय, त्यातले तीन घ्यायचे, तिन्ही बरोबर आले तर २ गुण, दोन बरोबर आले तर १. इथला सापळा मला फार आवडतो. चुकीच्या पर्यायांतले काही चक्क खरे असतात! उताऱ्यात ते लिहिलेलं असतं, परीक्षार्थी मागे जाऊन ओळ शोधतो, सापडल्यावर आनंदाने खूण करतो आणि फसतो. कारण प्रश्न ‘हे उताऱ्यात आहे का?’ असा नसतोच. हा पर्याय एका अख्ख्या परिच्छेदाचा भार उचलतो की एका वाक्याचा, हे विचारायचं. एका वाक्याचा असेल तर खरा असूनही बाद. उरलेले चुकीचे पर्याय ओळखीचेच: कुणी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केलेली, कुणी ‘ओन्ली’, ‘ऑल्वेज’ घालून गोष्ट ताणलेली, कुणी उताऱ्यात नसलेलंच पण ऐकायला शहाणं वाटणारं.

आयेल्ट्स अकॅडेमिकच्या वाचनात ६० मिनिटांत तीन उतारे आणि ४० प्रश्न. त्यात परिच्छेदांना मथळे जुळवायचे असतात आणि मथळे परिच्छेदांपेक्षा मुद्दाम जास्त दिलेले असतात. आधी यादी वाचून मग परिच्छेद वाचला, तर प्रत्येक मथळा जरा जरा शोभतो. म्हणून यादीवर हात ठेवावा, परिच्छेद वाचावा, मनात चार शब्दांचा स्वतःचा मथळा करावा आणि मगच यादी उघडावी. परिच्छेदातला अवघड शब्द जशाचा तसा ज्या मथळ्यात दिसतो, त्याच्याकडे मी चोराकडे बघावं तसा बघतो. खरा मथळा बहुतेकदा वेगळ्या शब्दांत येतो. तिथलाच गाळलेल्या जागांचा सारांश मात्र अगदी उलट्या चालीचा: शब्द उताऱ्यातूनच उचलायला सांगितलं असेल तर जसाच्या तसा उचलायचा, रूपही बदलायचं नाही. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असं म्हटलं असेल तर नामाआधीचा ‘द’सुद्धा शब्द म्हणून मोजला जातो. उत्तर बरोबर, शब्द तीन, गुण शून्य.

विषय आपल्या ओळखीचा निघाला तर जास्त जपावं. अनोळखी उताऱ्यात माणूस निमूटपणे वाचतो; ओळखीच्या उताऱ्यात तो लेखकाला मदत करायला जातो. आपल्याला ठाऊक असलेलं एखादं कारण हळूच सारांशात शिरतं, वर ‘माझ्या मते’ची फोडणी पडते. लेखकाने तीन कारणं दिली असतील तर सारांशात तीनच, चौथं कितीही सुरेख असलं तरी.

आणि तपासणीच्या त्या शेवटच्या दोन मिनिटांत मुद्दे पुन्हा शोधायला जाऊ नये. तेव्हा फक्त कर्ता आणि क्रियापद बघावं. लांब वाक्यात कर्ता पहिल्या ओळीत एकवचनात बसलेला असतो, क्रियापद तिसऱ्या ओळीत भलत्याच अनेकवचनी नामाच्या नादी लागलेलं असतं, आणि मधल्या तीन ‘विच’पैकी किमान एक कशाला उद्देशून आहे हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. तो काढून टाकावा.