‘टेबल सॉ घेऊन पस्तावलो’: दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू शनिवारी रात्री दुकान वाढवल्यावर वाचला. वाचणाऱ्या इतरांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. १० इंची टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून पातं वर आलेल्या करवतीच्या मशीनवर, ४० हजारांच्या वर पैसे गेले आणि साग चिरताना कडा काळ्या पडतात. आठ बाय चार फुटांची प्लायची शीट त्यावर हलत नाही. आवाजावरून शेजाऱ्यांशी वाजलं. खाचा काढायला पात्यामागचं पान काढून मागितलं तर आमच्या दुकानातल्या मुलाने नाही म्हटलं. पैसे असूनही मोठं मशीन दिलं नाही. आणि फोन केल्यावर मी म्हणालो, ‘मशीनमध्ये दोष नाही, तुमच्या हाताला सवय नाही.’ वर तुमचे मिस्त्री म्हणतात, प्लायला भोक पाडून खालून मार्बल कटर उलटा लावला असता तर सात हजारांत भागलं असतं.

फोनवरचं वाक्य माझंच आहे. समोर अंबडचं एक गिऱ्हाईक बिलावर तासभर घासाघीस करत बसलं होतं, त्याचा राग तुमच्यावर निघाला. चुकलंच. आणि ते नुसतं उद्धट नव्हतं, खोटंही होतं, हे मला बुधवारी कळलं.

बुधवारी आमचा मुलगा तुमच्याकडे येऊन गेला. त्याने पिन काढली, पात्याच्या एका दातावर पेनाने खूण केली, तो दात पुढे आणून फेन्सपर्यंतचं, म्हणजे फळी जिला टेकवून ढकलायची त्या पट्टीपर्यंतचं, अंतर मोजलं. १०० मिलिमीटर. तोच दात फिरवून मागे नेला आणि परत मोजलं. ९९. म्हणजे फेन्स मागच्या बाजूला पात्याकडे एक मिलिमीटर झुकलेली. अशात फळी मोकळी आत शिरते आणि बाहेर पडताना चिमटीत सापडते. पात्याला घासून कड जळते. त्याहून वाईट म्हणजे मागून वर येणारे दात फळी उचलून थेट तुमच्या पोटावर फेकू शकतात. किकबॅक म्हणतात तो हाच. मागचं अंतर पुढच्याएवढं हवं, फार तर केसभर जास्त. कमी कधीच नको. हे तपासून देणं आमचं काम होतं. आम्ही सीलबंद खोका टेम्पोत चढवला आणि मोकळे झालो, आणि खापर फोडलं तुमच्या हातावर.

पात्याचंही अर्धं आमच्याकडेच येतं. तुम्ही ‘फिनिशिंग चांगलं हवं’ म्हणालात म्हणून काउंटरवरच्या मुलाने ६० दातांचं पातं दिलं. प्लायसाठी, सनमायका लावलेल्या बोर्डासाठी, फळी आडवी कापायला ते छान आहे. पण साग रेषेच्या दिशेने उभा चिरायला घेतला की त्या बारीक दातांमधल्या फटीत भुसा मावत नाही. तो तिथेच घुमत राहतो आणि तापतो. उभ्या चिराईला २४ दात पुरे. काय कापणार, हे आधी विचारायला हवं होतं. आम्ही बजेट विचारलं आणि जागा विचारली, लाकूड विचारलंच नाही.

तुमचा साग जुन्या नाशकातल्या पाडलेल्या वाड्याचा निघाला. लाकूड अप्रतिम आहे, मुलगा फोटो घेऊन आला. पण सागात मुळातच सिलिका असते, ती धार खाते. त्यात वाड्याचं लाकूड म्हणजे खिळे आलेच. एका फळीत त्याला कडेला काळा डाग दिसला, पटाशीने टोकरलं तर आत मोडका खिळा. तुमच्या पात्याचे दोन दात तिथेच उडालेत. पुढच्या प्रत्येक फळीवरून आधी लोहचुंबक फिरवा. लाकडाभोवती असा काळा डाग दिसला तर लोखंड आहेच समजा.

मोठ्या मशीनबाबत मात्र मी माघार घेणार नाही. तीन एचपीचं, बिडाच्या टेबलाचं मशीन दोनशे किलोंच्या पुढे जातं. एकदा ठेवलं की ते हलत नाही, तुमची जागा म्हणजे दुचाकी उभी करून उरलेलं पार्किंग. शिवाय सुरू होताना अशी मोटर करंट जबरदस्त ओढते, घरगुती लाइनवर एमसीबी पडत राहिला असता. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या पार्किंगमधलं बिडाचं टेबल एका रात्रीत तांबूस होतं. ते विकलं असतं तर मला जास्त सुटले असते, एवढं तरी लक्षात घ्या.

तुमचं मशीन १८०० वॉटचं आहे, म्हणजे साधारण आठ अँपिअर. तेही तुम्ही वरच्या मजल्यावरून बारीक एक्स्टेन्शनने चालवता. मुलाने वायरला हात लावला तर कोमट लागली. त्या वायरमध्ये व्होल्टेज पडतं, पातं लाकडात मंदावतं, मग परत जळकट कड. खाली १६ अँपिअरचा पॉइंट काढून घ्या, वायर अडीच एमएमची. आवाजाला मात्र माझ्याकडे उपाय नाही. घरातल्या मिक्सरमध्ये कार्बन ब्रशची मोटर असते, ही त्याच जातीची, ओरडणारच. पाण्याच्या पंपासारखी शांत इंडक्शन मोटर जड मशीनमध्ये येते. हे आधी सांगितलं नाही, ते मान्य.

अख्खी शीट ढकलायचा नाद सोडा. १८ एमएमची आठ-चारची शीट तीसेक किलो भरते, मशीन त्याहून फार जड नाही. ती आधी जमिनीवर थर्माकोल अंथरून, सरळ पट्टी बांधून हातातल्या सर्क्युलर सॉने फाडायची, मग नेमक्या मापाला टेबलवर घ्यायची. कपाटाच्या दोन फूट खोलीएवढी फेन्स उघडते, घरच्या फर्निचरला बस्स.

राहिलं ते पात्यामागचं पान, रायव्हिंग नाइफ. मुलाने नाही म्हटलं ते माझ्या सांगण्यावरून. आतला ताण सुटला की चिरलेल्या फळीच्या दोन फाकी मिटू बघतात, ते पान मध्ये राहून त्यांना पात्यावर आवळू देत नाही. खाचेसाठी ते काढावं लागतच नाही. वरचं गार्ड तेवढं काढायचं, पान एक टप्पा खाली घ्यायचं, म्हणजे ते पात्याच्या टोकाखाली राहतं. पातं २.६ मिलिमीटर कापतं, सहा एमएमच्या प्लायची खाच फेन्स जरा जरा सरकवत तीन फेऱ्यांत होते. तुम्ही व्हिडिओत पाहिलेला अमेरिकन डेडो सेट, म्हणजे रुंद खाच एका फेरीत काढणारा पात्यांचा जोड, यावर बसणार नाही, शाफ्ट आखूड आहे.

आणि उलटा कटर. तो मार्बल कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो. त्याला मागे पान नाही, वर गार्ड नाही, बटण टेपने दाबून ठेवलेलं, बंद करायचा तर टेबलाखाली वाकायचं. तुमचे मिस्त्री त्यावर वीस वर्षं काम करत असतील, मला त्यांच्या हातावर शंका नाही. पण माझे वडील सुतार होते. त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धीच होती, आणि त्या दिवसापर्यंत त्यांच्याही हातावर कुणाला शंका नव्हती. ते जुगाड आमच्या दुकानातून जाणार नाही. त्यासाठी एक स्टार दिलात तरी चालेल.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी स्वतः येतो. फेन्स लावून देतो, २४ दातांचं पातं सोबत आणतो, त्याचे पैसे नाहीत. दात उडालेलं पातं द्या, दात बसवून आणून देतो, तेही आमच्याकडून. वाड्याच्याच दोन फळ्या चिरून बघू. तरी मन मानलं नाही तर मशीन दुकानात ठेवा, गिऱ्हाईक मी शोधतो आणि त्यात माझं कमिशन धरणार नाही. वापरलेलं मशीन नवीन म्हणून परत घेता येत नाही, तेवढं समजून घ्या.

तेवढी दुचाकी आधी बाहेर काढून ठेवा. फळी मागून निघायला आठ फूट मोकळे लागतील.