संगमावरचा ‘वेलस्ली पूल’ रेल्वेचा नव्हे

‘संगमावरचा रेल्वेपूल जनरल वेलस्लीने १८०३ मध्ये बांधला, त्यावरून आजही गाड्या धावतात’ असा मजकूर पुण्याच्या मुळा-मुठा संगमाबद्दल फिरतोय. घरच्या ग्रुपवरही आला, म्हणून हा खुलासा.

ब्रिटिश सेनानी आर्थर वेलस्ली १८०३ च्या एप्रिलमध्ये फौजेसह पुण्यात आला, हे खरं. पण तेव्हा जगात रेल्वेचीच धड सुरुवात झाली नव्हती! तो वारला १८५२ साली. खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला १४ जून १८५८ ला, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीचा. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली. रेल्वेपुलाशी वेलस्लीचा संबंध तो काय?

घोळ झालाय तो शेजारधर्मामुळे. ‘वेलस्ली ब्रिज’ हे नाव बाजूच्या रस्त्याच्या पुलाचं, आपल्या संगम पुलाचं. तोही त्याने बांधलेला नाही, त्याच्या स्मरणार्थ नाव दिलं एवढंच. १८३० चा तो पूल लाकडी होता; त्याच्या जागी दगडी पूल खुला झाला १८७५ मध्ये. संगम पुलावरून जाताना शिवाजीनगरहून स्टेशनकडे निघालेली लोकल बाजूनं खडखडत जाते ना, ती ज्यावरून जाते तो रेल्वेपूल वेगळा. पूल दोन, नाव एकाचं. मेसेज पुढे पाठवलाच असेल, तर हेही पाठवा.