विकिरणाने पालक किरणोत्सर्गी होत नाही

जंतू मारण्यासाठी भाजीवर गॅमा किरण सोडतात, त्याला विकिरण म्हणतात. त्याबद्दल सध्या एक संदेश सगळीकडे फिरतो आहे: “विकिरण केलेली पालेभाजी किरणोत्सर्गी होते, तिचं सत्त्व मरतं. मिठाच्या पाण्यात धुतलं की जंतू जातातच, मग हा खटाटोप कशाला?”

पहिला मुद्दा साफ चूक आहे. हे किरण कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी धातूतून निघतात आणि त्यांची ऊर्जा 1.17 आणि 1.33 एमईव्ही (किरणांच्या ऊर्जेचं एकक) असते. भाजीतल्या अणूंना किरणोत्सर्गी करायला ती पुरत नाही. कोबाल्ट पोलादी नळ्यांत बंद असतो, भाजी त्याला शिवतही नाही.

सत्त्वाचं म्हणाल तर क जीवनसत्त्व थोडं घटतं, हे मान्य. पण 1 किलोग्रे (शोषलेल्या किरणांचं माप) मात्रेने पानाचं तापमान जेमतेम पाव अंश चढतं, म्हणजे भाजी शिजत नाही, कच्चीच राहते.

“धुतलं की जातात” हे मात्र सर्वांत घातक. पालकाचं पान भिंगाखाली धरा: सूक्ष्म रंध्रं, देठाची कापलेली कड, चुरगळलेल्या जागा. ई. कोलाय हा जिवाणू तिथे शिरून बसतो. मीठच काय, क्लोरीनचं पाणीही आत पोचत नाही. क्लोरीनने साधारण दहापट ते शंभरपट घट होते, बस्स. उलट एका पानावरचे जंतू धुण्याच्या पाण्यातून बाकीच्या पानांवर जाऊ शकतात. किरण मात्र पानाच्या आरपार जातात आणि जंतूचा डीएनए तोडतात. दर 0.3 किलोग्रेच्या आसपास ई. कोलाय दहापट घटतो, म्हणजे 1 किलोग्रेला हजारात जेमतेम एक उरतो. 2006 मध्ये अमेरिकेत पालकातून ई. कोलायच्या O157:H7 या घातक प्रकाराची मोठी साथ पसरली होती. 2008 मध्ये तिथे पालक आणि आइसबर्ग लेट्यूससाठी 4 किलोग्रेपर्यंत परवानगी मिळाली.

खरी अडचण संदेशात आलेलीच नाही, ती आहे मात्रा सारखी बसवण्याची. खोक्याच्या मध्यभागी 1 किलोग्रे पोचवताना कडेच्या पानांना 2 बसले, तर पानाच्या पेशी जोडून ठेवणारं पेक्टिन तुटून ती लिबलिबीत होऊ शकतात. म्हणून खोकी पातळ ठेवायची, दोन्ही बाजूंनी किरण द्यायचे, आणि डोसीमीटर (मात्रा मोजणारी साधनं) कडेला तसंच मध्यभागीही लावायचे. भाजी आधी पिशवीत बंद करायची आणि मगच विकिरण. नाहीतर नंतर हाताळताना जंतू पुन्हा बसतात. थंड साखळी, म्हणजे भाजी सतत थंड ठेवणं, पुढेही तुटता कामा नये, कारण उरलेले जंतू उबेत वाढतात. नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब करणारा विषाणू) आणि जिवाणूंचे बीजाणू (त्यांची चिवट, सुप्त रूपं) या मात्रेला दाद देत नाहीत. त्यासाठी शेतातलं पाणी आणि कामगारांचे हात स्वच्छच हवेत.