'लग्नाच्या हॉलची सजावट' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

प्रिय 'एक प्रशिक्षक',

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण रागाच्या भरात लिहिलेलं मागाहून आपल्यालाच नको होतं, म्हणून थांबलो. राग पुरता गेलाय असं आजही म्हणणार नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. शिकणारा प्रत्यक्ष शॉप फ्लोअरवर, म्हणजे कारखान्यात मशीनपाशी, उभा आहे असं वाटेल असा कोर्स स्टोरीलाइन या ऑनलाइन कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कसा बांधावा, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: ७२०×५४० ची स्लाइड १६:९ नसते. असले जड कोर्स साध्या मोबाइलवर अडकतात. दृष्टिहीन शिकणाऱ्याचा लेखात विचारच नाही. आणि शेवटी, तुमच्याच शब्दांत, "हे शिक्षण नाही, लग्नाच्या हॉलची सजावट आहे. मेयर वाचला असता तर हा लेख लिहिला नसता." (मेयर म्हणजे शब्द आणि चित्रांतून माणूस कसा शिकतो यावर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर.)

पहिलं मान्य. ७२०×५४० म्हणजे ४:३, माझी चूक झाली. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ते शेवटचं वाक्य! मी काय वाचलंय आणि काय नाही, हे तुम्हाला कुठून कळलं? आपली ओळख नाही, तुम्ही नावही दिलेलं नाही. मी माझ्या प्रत्येक लेखाखाली नाव घालतो, मोबाइल नंबरही देतो. वीस वर्षं वर्गात उभा राहतो, असं तुम्हीच लिहिलंय. वर्गात एखाद्याचं चुकलं तर त्याच्याशी याच सुरात बोलता का? चूक दाखवायला माझी ना नाही, तुम्ही स्लाइडच्या मापाची दाखवलीत तशी दाखवा. माणसाच्या कामाला रोषणाई म्हणून मोकळं होणं म्हणजे चूक दाखवणं नव्हे.

आणि मेयर मी वाचलाय. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी १९९८ साली वीज कशी पडते हा धडा घेऊन जे प्रयोग केले, तेही वाचलेत. धड्यात रंजक पण मूळ कार्यकारणाशी संबंध नसलेला मजकूर आणि चित्रं घातली, तेव्हा वाचणाऱ्यांना मुख्य गोष्टच कमी आठवली. मेयर यांचं सुसंगती तत्त्व सांगतं ते एवढंच, की कामाचं नाही ते काढा. चित्र काढा असं त्यात कुठे आहे? नुसत्या शब्दांपेक्षा शब्द आणि चित्रं मिळून माणूस जास्त चांगलं शिकतो, हा तर त्यांच्या मांडणीचा पाया आहे. दुसऱ्याला 'वाचलं नाही' म्हणण्याआधी आपण काय वाचलं ते एकदा पाहावं.

सजावट कशाला म्हणायचं, हे मी कुठल्या पुस्तकातून शिकलो नाही. माझे वडील भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर होते. मी नववीत असताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. डायमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्यात, पत्र्याचा तुकडा अडकला होता. त्यांनी मोटर बंद केली आणि हात घातला. मोटर बंद होती, पण फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, फिरतच होतं. "बंद केलं म्हणजे बंद झालं असं वाटलं रे," एवढंच ते पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिले.

ऑनलाइन कोर्स फ्लॅश या सॉफ्टवेअरवर चालायचे, त्या काळात मी या कामात आलो. २०२० च्या अखेरीला अडोबीने फ्लॅश बंद केलं, तेव्हा जुने कोर्स रात्र रात्र बसून नव्याने बांधणाऱ्यांत मी होतो. मशीन कुलूपबंद करून मगच हात घालायचा, या विषयावरचा माझा पहिला कोर्स तुम्हाला नक्की आवडला असता. पांढऱ्या स्लाइड, काळी अक्षरं, कारखाने अधिनियम १९४८ चं कलम २१ मुद्देसूद, शेवटी दहा प्रश्न. सजावट औषधालाही नव्हती. सगळे पास झाले. नंतर मी शॉप फ्लोअरवर गेलो, तेव्हा त्याच कोर्समध्ये पैकीच्या पैकी मार्क मिळवलेला एक फिटर पॅनलसमोर उभा राहून मला म्हणाला, "साहेब, यातला आयसोलेटर कुठला?" आयसोलेटर म्हणजे मशीनची वीज पूर्ण तोडणारा मुख्य स्विच. त्या दिवशी मी घरी येऊन वडिलांशी काही बोलू शकलो नाही.

तो कोर्स मी पुन्हा बांधला. फोटो ऑपरेटर उभा राहतो तिथूनच, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढले. पॅनल कसं दिसतं, तर तेल लागलेलं, अर्धी लेबलं पुसलेली. तसंच ठेवलं. बटण दाबलं की दिव्याचं चित्र बदलतं, दिवा विझतो. फ्लायव्हील मात्र स्लाइडच्या वेगळ्या थरावर फिरत राहतं आणि त्याचा आवाज हळूहळू उतरत जातो. चाक थांबलं की नाही हे कोर्समधली एक नोंद (व्हेरिएबल) लक्षात ठेवते. ती बदलत नाही तोवर 'पुढे'चं बटण दिसतच नाही, कुलूप लावता येत नाही, आणि डायवर क्लिक केलं तर सगळं पहिल्यापासून.

चाक थांबायला किती वेळ लागतो, ते मी खऱ्या प्रेससमोर घड्याळ लावून मोजलं आणि कोर्समध्ये तेवढाच वेळ ठेवला. क्लायंट म्हणाला, फार लांबतंय, पाच सेकंदांवर आणा. मी नाही म्हणालो. कारण माणूस कंटाळतो आणि त्याचा हात डायकडे जातो, तो याच वेळात. मला शिकवायची होती ती हीच वेळ. ती मुद्द्यांच्या यादीत लिहून दाखवता येत नाही, तिथे उभं राहून काढावी लागते. चित्र आणि आवाज नसते तर ती उभी तरी कशी करायची, हे तुमच्या वीस वर्षांच्या अनुभवातून सांगा.

याच कोर्समधून मी काय काय काढलं, तेही ऐका. हेल्मेट घातलेला हसरा कार्टून मामा काढला, पार्श्वसंगीत काढलं, स्लाइड बदलताना उडणाऱ्या ठिणग्या काढल्या. सगळं क्लायंटने हौसेने मागितलेलं होतं. सजावट कुठे सुरू होते हे मला कळतं, ते तुमच्याकडून शिकायची गरज नाही.

राहता राहिलं मोबाइलचं. पब्लिश करताना चित्रांचा आणि व्हिडिओचा दर्जा उतरवता येतो, त्यात अवघड काही नाही. दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी चित्राचं शब्दांतलं वर्णन (ऑल्ट टेक्स्ट) देता येतं, काय आधी आणि काय नंतर वाचलं जाईल तो क्रम लावता येतो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि प्रेस ऑपरेटरच्या कोर्समध्ये मला तो प्रश्न आला नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. प्रेसच्या त्या एका स्लाइडचा नमुना मूळ लेखाखाली आता जोडला आहे. मोटर बंद करा, चाक थांबेपर्यंत हात न लावता बसा, आणि मग यातली कुठली माळ उतरवायची ते मला नाव घालून लिहा.