ती १४ सेकंदं मी खोडणार नाही

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो पण थांबलो, कारण तुमचा एक मुद्दा मला आधी तपासून बघायचा होता, आणि तपासल्यावर तो शंभर टक्के बरोबर निघाला. त्यावर येतोच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. अधिक्रमण म्हणजे ग्रह सूर्यबिंबासमोरून सरकत जाणं. ९ मे २०१६ च्या बुधाच्या अधिक्रमणावरच्या लेखात मी आणि माझ्या मित्राने शेजारी शेजारी उभं राहून घेतलेल्या दुसऱ्या स्पर्शाच्या, म्हणजे ग्रह नुकताच पूर्णपणे सूर्यबिंबाच्या आत येतो त्या क्षणाच्या, वेळा दिल्या होत्या, त्या दोन वेळांत १४ सेकंदांचा फरक आहे. तुमचं म्हणणं असं की गणिताने काढलेली अचूक वेळ आधीच छापून आलेली असताना अशा चुकलेल्या वेळा देणं म्हणजे वाचणाऱ्यांची दिशाभूल, हौशी लोकांच्या असल्या नोंदींची शास्त्रीय किंमत शून्य, यानांनी काढलेले फोटो हजारपट चांगले, आणि तसंही २००४ चं शुक्राचं अधिक्रमण हेच खरं, बुधाचं म्हणजे नुसता शोधत बसायचा ठिपका. शिवाय काळ्या थेंबाचं मी दिलेलं कारण चुकीचं आहे, आणि फिल्टरचा मी उगाच बाऊ केलाय.

आधी काळा थेंब. ग्रह सूर्याच्या आत आला की त्याची मागची कड सूर्याच्या कडेपासून पटकन सुटत नाही, मध्ये एक काळा धागा ताणल्यासारखा दिसतो, त्याला आपण काळा थेंब म्हणतो. मी लिहिलं होतं की हे ग्रहाच्या वातावरणामुळे होतं. तुम्ही विचारलंत, बुधाला नाव घेण्यासारखं वातावरणच नाही तर तिथे थेंब कुठून आला? बरोबर. माझी चूक झाली, शुक्राबद्दल जुन्या काळी दिलं जाणारं कारण मी न तपासता बुधाला लावलं. १९९९ च्या बुधाच्या अधिक्रमणात ट्रेस नावाच्या यानाने घेतलेल्या चित्रांतही थेंब सापडला, तिथे तर पृथ्वीची हवाही मध्ये नव्हती. म्हणजे मूळ कारण दोन, एक म्हणजे कुठलीही दुर्बीण कड थोडी पसरवून दाखवतेच, आणि दुसरं, सूर्याचं बिंब कडेकडे जाताना मंद होत जातं, आणि खाली जमिनीवर त्यात हवेच्या थरथरीची भर पडते. लेखातला तो परिच्छेद मी आजच बदलला, आधी काय लिहिलं होतं तेही तिथे ठेवलंय.

पण गंमत बघा, तुम्ही दाखवलेल्या याच चुकीतून त्या १४ सेकंदांचं उत्तर मिळतं. माझी दुर्बीण ८० मिमीची, मित्राची सहा इंची, म्हणजे १५० मिमीच्या आसपास. लहान दुर्बीण कड जास्त पसरवते, म्हणजे तिच्यात तो धागा जास्त वेळ टिकणार आणि उशिरा तुटणार, आणि उशिराची वेळ माझीच आहे. आता जरा हिशोब करू. त्या दिवशी बुधाचं बिंब १२ विकलांचं होतं (एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग) आणि पहिल्या स्पर्शापासून, म्हणजे ग्रह सूर्याच्या कडेला बाहेरून टेकतो तिथपासून, दुसऱ्यापर्यंत साधारण ३ मिनिटं १० सेकंद लागले, म्हणजे एक विकला आत सरकायला जवळपास १६ सेकंद. आमच्यातला १४ सेकंदांचा फरक म्हणजे एका विकलेपेक्षाही कमी, आणि दिवसा तापलेल्या हवेतून सूर्य बघताना त्याची कड दोन-तीन विकला तर सहज हलत असते. दोन माणसं, दोन दुर्बिणी, वेळ मात्र दोघांनीही फोनवरच्या एकाच घड्याळाची घेतलेली, आणि एकमेकांना न सांगता लिहिलेली. मला विचाराल तर आमच्या दोन्ही वेळा सेकंदाला सेकंद जुळल्या असत्या तर मलाच संशय आला असता.

१७६९ मध्ये ताहितीला कॅप्टन कुक, खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स ग्रीन आणि निसर्गअभ्यासक सोलँडर हे तिघं शुक्राचं अधिक्रमण बघायला बसले होते, दिवस अगदी निरभ्र, दुर्बिणी त्या काळच्या उत्तम, त्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडून गेलेले. तरी तिघांच्या वेळा जुळल्या नाहीत आणि कुकने रोजनिशीत सरळ लिहून टाकलं की अपेक्षेपेक्षा फारच फरक पडला, ग्रहाभोवती धूसर सावली दिसत होती म्हणून स्पर्शाचा क्षण पकडता येईना. त्याने तिघांचं एकमत करून एक छान आकडा पाठवला असता तर कुणाला कळलं असतं? पण मग स्पर्शाच्या वेळांवरून सूर्याचं अंतर काढायची ही पद्धत कुठे अडते हेही कळलं नसतं.

म्हणून फक्त छापील वेळ देण्याची तुमची सूचना मला मान्य नाही. छापील वेळ लेखात हवी, ती मी दिलीच आहे, पण ती गणिताची वेळ आहे, आम्ही पाहिलेली नाही. ती बघून मी माझी वेळ सुधारली तर मी काहीच मोजलं नाही, फक्त छापलेला आकडा परत एकदा उतरवून काढला. आमच्या ओळखीत असं करणारे आहेत, अपेक्षित वेळ समोर ठेवूनच दुर्बिणीला डोळा लावतात आणि मग त्यांना अगदी त्याच सेकंदाला स्पर्श 'दिसतो'. मला ते बघून मनापासून वाईट वाटतं, कारण इतका वेळ उन्हात उभं राहून हातात आलेली एकमेव खरी गोष्ट ते स्वतःच पुसून टाकतात.

आता शून्य किंमतीचं. तुम्ही स्वतः २००४ चं अधिक्रमण पाहिलंय असं लिहिलंत म्हणून त्याचंच उदाहरण घेतो. त्या वर्षी युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या पुढाकाराने जगभरच्या हौशी निरीक्षकांकडून आणि शाळांकडून स्पर्शाच्या वेळा मागवल्या होत्या, साडेचार हजारांच्या वर वेळा जमल्या, आणि त्यातून सूर्याचं सरासरी अंतर निघालं साधारण १४ कोटी ९६ लाख ९ हजार किलोमीटर. खरं अंतर १४ कोटी ९५ लाख ९८ हजार. चूक अकरा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पृथ्वीच्या व्यासापेक्षाही कमी! आज या आकड्याची कुणाला गरज नाही हे मान्य, १९६१ पासून शुक्रावर रडार लहरी पाठवून हे अंतर कितीतरी नेमकं मिळतंय. पण मुद्दा असा की त्या हजारो वेळांतली जवळजवळ प्रत्येक वेळ थोडी थोडी चुकलेलीच होती, कुणी लवकर कुणी उशिरा, आणि त्या जशाच्या तशा दिल्या म्हणूनच हिशोब जमला.

आणि हौशी म्हणून हिणवायचं असेल तर १६३९ चा जेरेमाया हॉरॉक्स कोण होता? विशीतला मुलगा, कुठल्याही वेधशाळेत नोकरीला नाही, केप्लरच्या ग्रहगणिताच्या कोष्टकांप्रमाणे शुक्र सूर्याच्या बाजूने निसटून जाणार होता तिथे याने स्वतः गणित करून ठरवलं की तो सूर्यावरून जाणार, आणि सूर्य मावळायच्या आधीच्या जेमतेम अर्ध्या तासात दुर्बिणीतून कागदावर प्रतिमा पाडून मोजमाप घेतलं. शुक्राचं अधिक्रमण पाहिल्याची पहिली नोंद ती, त्याची आणि त्याचा मित्र क्रॅबट्री याची. क्रॅबट्रीला तर ढगांमधून थोडाच वेळ सूर्य मिळाला आणि तो बघतच राहिला, नीट मोजायचं राहून गेलं. हॉरॉक्सने तेही लिहून ठेवलंय, मित्राची बाजू सावरायला म्हणून एखादा आकडा घालून दिला नाही.

बुध म्हणजे नुसता ठिपका, हे खरंय, सूर्याच्या व्यासाचा मे महिन्यात दीडशेवा भाग वगैरे, शुक्र बत्तिसावा. १६३१ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गासेंदीने पहिल्यांदा बुधाचं अधिक्रमण पाहिलं तेव्हा त्यालाही तो सौर डागच वाटला होता, इतका लहान असेल अशी कुणाची कल्पनाच नव्हती, मग तो डागाच्या मानाने फार वेगाने सरकतोय हे लक्षात आलं. म्हणजे ग्रह आपण समजतो त्यापेक्षा केवढा लहान आहे हे त्या ठिपक्यानेच शिकवलं. शुक्र आता थेट डिसेंबर २११७ मध्ये, बुध १३ नोव्हेंबर २०३२ ला. मी तर बुधाचीच वाट बघणार ना!

मधल्या काळातही रिकामं बसायची गरज नाही. दुसऱ्या ताऱ्यांसमोरून जाणारे ग्रह हौशी लोक लहान दुर्बिणी आणि कॅमेरे लावून टिपतात, एचडी २०९४५८ या ताऱ्याचा उजेड त्याच्या ग्रहामुळे दीड टक्क्याच्या आसपास कमी होतो, तेवढं पकडता येतं. अशा ग्रहांच्या पुढच्या वेळांचा अंदाज वर्षागणिक घसरत जातो, तो ताज्या नोंदींनी सुधारला नाही तर मोठ्या दुर्बिणीचा मोलाचा वेळ वाया जाऊ शकतो. तिथेही नियम तोच, दिसलं ते लिहा.

फिल्टरबद्दल मात्र मी एक शब्दही मागे घेणार नाही. लहानपणी काजळी धरलेल्या काचेतून ग्रहण पाहिलं आणि काही झालं नाही असं तुम्ही लिहिलंय, तुम्हाला काही झालं नाही याचा आनंदच आहे, पण कृपया हे इथे कुणाला सुचवू नका. काजळीने डोळ्याला दिसणारा उजेड कमी होतो, त्यामुळे बाहुली मोठी होते, आणि न दिसणारे अवरक्त किरण मात्र आत शिरतात. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळतच नाही, भाजलं तरी त्या क्षणी पत्ता लागत नाही. १४ नंबरची वेल्डिंगची काच नुसत्या डोळ्यांना चालते, दुर्बिणीला अजिबात नाही. दुर्बिणीचा फिल्टर पुढच्या तोंडावरच लागतो, नेत्रिकेला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, लावायचे छोटे फिल्टर उष्णतेने तडकतात आणि बघणारा त्या वेळी नेमका डोळा लावून बसलेला असतो.

शेवटी एक विनंती. २००४ ला सगळं वहीत लिहून ठेवलं होतं असं तुम्ही म्हणालात. त्या वहीत दुसऱ्या आणि तिसऱ्या स्पर्शाच्या (तिसरा म्हणजे ग्रह बाहेर पडताना आतून कडेला टेकतो तो) वेळा असतील तर दुर्बीण किती मिमीची, वर्धन किती (म्हणजे किती पट मोठं दिसत होतं), घड्याळ कशाशी जुळवलं होतं एवढं सोबत लिहून मला पाठवाल का? छापील वेळेपासून लांब असल्या तरी तशाच पाठवा, मी त्यांना हात लावणार नाही.