शिफारसपत्र उद्या सकाळपर्यंत हवे!

परदेशी विद्यापीठांच्या अर्जांचा हंगाम आला की वर्ष-दीड वर्ष माझ्या गाण्याच्या क्लासकडे न फिरकलेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांचे फोन सुरू होतात आणि प्रत्येकाला शिफारसपत्र उद्या सकाळपर्यंत हवे असते. काही जण तर मजकूर स्वतःच लिहून पाठवतात आणि ‘सर, तुम्ही फक्त खाली सही करा’ असे बिनदिक्कत सांगतात. परवा आलेल्या अशाच एका मजकुरात मुलाने यमन राग ‘पूर्णपणे आत्मसात’ केल्याचे लिहिले होते. त्या मुलाचा यमनमधला तीव्र मध्यम, म्हणजे चढा ‘म’, अजून जागेवर लागत नाही. अशा कागदावर मी सही कशी करू?

पत्र लिहायला माझी ना नाही. मेहनती मुलांसाठी ते मी मनापासून लिहितो. एका विद्यार्थिनीने मालकंस राग गायला बसताना, कोणी न सांगता, तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून (‘प’) मध्यमावर (‘म’) उतरवून घेतली होती. रागात पंचम वर्ज्य आहे हे तिने नुसते पाठ केलेले नव्हते, तिच्या कानालाच ते कळत होते, आणि तिच्या पत्रात मी हे सविस्तर लिहिले. असे काही आठवून नेमक्या शब्दांत मांडायला निवांतपणा लागतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षेची श्रेणी प्रमाणपत्रावर असतेच. त्यापलीकडचे कळावे म्हणूनच विद्यापीठ शिक्षकाचे पत्र मागते ना? मग निदान पंधरा दिवस आधी सांगा, मुलाला स्वतः येऊन विचारू द्या आणि मजकूर माझा मला लिहू द्या.